उधारीचे रविवार

कापसाच्या जिनिंगवर हंगामात रविवार नसतो. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की पार मार्चपर्यंत फाटकाबाहेर ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यांची रांग लागलेलीच असते. शेतकरी रात्री दोनला येतो, पहाटे चारला येतो. त्याला माल मोजून हवा असतो आणि हातात काटापट्टी हवी असते. पट्टी लिहिणारा जागेवर नसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. चोपड्यात मी सतराव्या वर्षापासून ही पट्टी लिहीत आलोय. त्यामुळे चौतिशीत पुन्हा शिकायचं मनात आलं तेव्हा कॉलेज कुठलं, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा होता. रविवार कोणाकडून आणायचा, हा पहिला.

तो मला ज्यांनी दिला त्यांच्याबद्दल हे लिहितोय. पदवीच्या कागदावर माझ्या एकट्याचं नाव आहे. विद्यापीठाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, माझ्या दृष्टीने ती अर्धी नोंद आहे.

दहावी झालो १९८७ साली. डोक्यात अमळनेरचं प्रताप कॉलेज होतं. चोपड्यात कॉलेज होतं, चांगलं होतं, पण ते रोज दिसायचं. प्रताप तापीच्या पलीकडे होतं म्हणूनही ते मोठं वाटायचं. खान्देश एज्युकेशन सोसायटीने १९४५ साली काढलेलं, प्रतापशेठजींच्या नावाचं, आणि साने गुरुजींनी ज्या गावात मास्तरकी केली त्या गावातलं. एस.टी.ने तास-सव्वा तास जायचं, संध्याकाळी परत यायचं, असा माझा बेत होता. त्याच उन्हाळ्यात आप्पांना, म्हणजे वडिलांना, लकवा झाला. ते ज्या जिनिंगवर हमाली करायचे तिथल्या शेठनी मला काट्यावर बसवलं. अकरावीचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. यात कोणाचा दोष नव्हता, आणि घरात यावर पुन्हा बोलणंही झालं नाही.

तेव्हा कापूस एकाधिकारात होता. १९७२ साली सुरू झालेली सरकारी खरेदीची ती योजना. खाजगी जिनिंगने पणन महासंघाचा कापूस करून द्यायचा, गाठी बांधायच्या, मजुरी घ्यायची. हिशोब सरळ. ज्याला जास्त भाव हवा तो रात्रीतून सातपुड्याच्या पलीकडे सेंधव्याच्या बाजूला माल काढायचा, ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणालाच दिसायचं नाही. पुढे योजना ढिली पडली, खाजगी खरेदी खुली झाली आणि हिशोब चौपट झाले. त्यात व्हॅट येणार, व्हॅट येणार असं सुरू झालं. २००३च्या एप्रिलला यायचा तो लांबत लांबत २००५च्या एप्रिलला आला. शेठनी संगणक आणला, त्याच्यावर टॅली घातलं, आणि ते चालवायला एक बी.कॉम. झालेला पोरगा ठेवला. पोरगा स्वभावाने चांगला होता. पण पगार माझ्या दीडपट होता आणि सरकीचा उतारा किती धरायचा, हे तो मला विचारायचा. त्याला उत्तर देता देता एक दिवस माझ्या मनात आलं, की हा जे शिकून आलाय ते आहे तरी काय?

आमच्या पेढीवर दिवाणजी होते. धोतर, टोपी, गादीवर मांडी, साठी कधीच उलटलेली. जुनी फायनल, म्हणजे सातवी झालेले. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं हाताने लिहायचे. तेरीज जुळली नाही तर डबा तसाच घरी परत जायचा. नामं लिहायला मला त्यांनीच शिकवलं. पेढीवर सगळ्यांशी मराठीत बोलायचे, पण महत्त्वाचं काही असलं की अहिराणीवर यायचे.

२००४च्या उन्हाळ्यात गावात एका गाळ्यावर फलक लागला, एका वर्षात पदवी. आत पंखा, काचेचं टेबल, आणि टाय लावलेला एक माणूस. दूरच्या कुठल्याशा राज्यातल्या विद्यापीठाचं नाव भिंतीवर सोनेरी अक्षरांत. बारावी नसली तरी चालेल म्हणाला. वर्गाला यायची गरज नाही म्हणाला. मग जरा आवाज खाली आणून, परीक्षेचंही बघून घेऊ म्हणाला. रक्कम माझ्या चार पगारांएवढी होती. एका मित्राकडून अर्धी उसनी घ्यायची आणि अर्धी शेठकडून उचल, असा मी विचार केला, आणि उचल मागायची म्हणून आधी दिवाणजींच्या कानावर घातलं.

त्यांनी विद्यापीठाचं नाव विचारलं नाही, अभ्यासक्रम विचारला नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "कोना नावनी पावती देतस त्या?"

मी पुन्हा जाऊन पावतीपुस्तक बघून आलो. पावती क्लासच्या नावाची होती.

"मंग पैसा तू क्लासले दिधा. विद्यापीठले काय दिधं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उचल मागायची राहिली. पुढच्या फेब्रुवारीत, २००५ साली, प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. छत्तीसगड सरकारच्या एका कायद्याच्या आधारे निघालेली शंभरावर खाजगी विद्यापीठं एका फटक्यात रद्द झाली. पेपरात ती बातमी वाचून आमच्या गल्लीतले जिभाऊ घाईघाईने पेढीवर आले. ते निवृत्त शिक्षक, आणि गल्लीत कोणाचंही शिक्षण निघालं की त्यात त्यांचं मत असायचंच. तोवर त्या गाळ्यावर मोबाइलचं दुकान आलं होतं. दिवाणजींनी बातमी शेवटपर्यंत वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि समोरची पट्टी तपासायला घेतली. मी सांगितलं होतं ना, हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नाही.

आता मोठ्या वयात शिकायचं तर वाटा कोणत्या, हे शोधायला सुरुवात केली. अठराव्या वर्षी माणूस कॉलेजचं नाव बघतो, प्राध्यापक बघतो, मित्र कुठे जातायत ते बघतो. माझ्यासमोर नुसतं परीक्षेचं वेळापत्रक होतं. जिभाऊंचं म्हणणं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी कर. खाजगी बसता येतं, बोर्डाचा कागद मिळतो, पुढे कुठे अडत नाही. बरोबरच होतं ते. पण बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे कापूस फाटकात उभा असताना. पुढे जळगावच्या विद्यापीठाला बहिःस्थ म्हणून बसायचं तर त्यालाही आधी बारावी हवीच, आणि त्याची परीक्षा मार्च-एप्रिलची. जळगावला एम.जे.ला, अमळनेरला प्रतापला किंवा गावातल्या कॉलेजला रोज वर्गात बसणं तर सोडूनच द्या. नोकरी गेली असती.

राहिलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचं अभ्यासकेंद्र गावातल्या कॉलेजात, वर्ग रविवारी, परीक्षा मे महिन्यात. हंगाम संपलेला, जिनं बंद, यंत्रांना तेलपाणी चाललेलं. बारावी नसेल तर सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम. त्यासाठी वय अठरा पूर्ण असावं आणि लिहिता-वाचता यावं, बाकी कुठला दाखला नको. मला आधी यातही काही काळंबेरं असेल असं वाटलं. गाळ्यातला माणूस तेच तर सांगत होता, बारावी नको म्हणून!

अभ्यासकेंद्रात जे लिपिक बसायचे त्यांचं ऋण माझ्यावर दिवाणजींच्या खालोखाल आहे, आणि त्यांना बहुधा मी आठवतही नसेन. त्यांना प्रवेश वाढवायचे होते. केंद्र विद्यार्थ्यांच्या संख्येवर चालतं. मी फॉर्म मागितला. त्यांनी मला बसवलं आणि जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून दिल्या. पूर्वतयारी झाल्यावर बी.कॉम.ला प्रवेश मिळेल. मिळेल ती पदवी खरी असेल. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. जिथे बारावीची गुणपत्रिका मागतील तिथे हा कागद चालणार नाही. खाली रेघ मारली आणि म्हणाले, "घरी दाखवा, विचार करा, मग फॉर्म न्या. घाई नाही."

तो कागद मी रात्री जिभाऊंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हा माणूस खरं बोलतो," म्हणाले, "म्हणजे तिथेच जा." बारावीवरचा आपला हट्ट त्यांनी तिथल्या तिथे सोडला. पुढे पदवी झाल्यावर एका ठिकाणी माझा अर्ज नेमका बारावीवरच अडला, तेव्हा मला वाईट वाटलं, धक्का बसला नाही. ते लेखी माझ्याकडे आधीच होतं.

पावती या वेळी विद्यापीठाच्या नावाची होती. दिवाणजींनी ती उलटसुलट करून पाहिली, माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, "वर्ग कव्हय ऱ्हातस?" रविवारी सकाळी, मी म्हटलं. "रविवारनी पट्टी मी लिखसू. तू जाय."

हे वाक्य लिहायला सोपं आहे. रविवार सकाळ ही त्यांची आठवड्यातली एकमेव मोकळी वेळ. हरेश्वराच्या देवळात जायचं, येताना पेपर घ्यायचा आणि ओट्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा, हा कार्यक्रम मी पेढीवर लागलो तेव्हापासून बदललेला नव्हता. तो त्यांनी सोडला. काट्याची खोली म्हणजे तीन भिंती आणि चौथी बाजू उघडी. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून जे वारं येतं ते थेट त्या खोलीत शिरायचं. कानाला मफलर गुंडाळून, शेजारी शेगडी ठेवून ते पट्टी लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, पण हात संथ. शेतकरी ओरडायचे, "म्हातारबा, उरका!" हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, हमालांनी सांगितलं. शेठना त्यांनी काय सांगितलं तेही मला माहीत नाही. माझा एकाही रविवारचा पगार कापला गेला नाही एवढं खरं.

पहिल्याच महिन्यात माझी एक गंमत झाली. देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहितात. सतरा-अठरा वर्षं माझा हात तसाच फिरत आलेला. पुस्तकात नावेची बाजू डावीकडे, जमेची उजवीकडे. मी पहिला स्वाध्याय सगळा उलटा लिहून नेला. आमचे संमंत्रक (मुक्त विद्यापीठात सरांना संमंत्रक म्हणतात, आम्ही सरच म्हणायचो) तो बघून हसले नाहीत. त्यांनी वही आडवी धरली, माझी प्रत्येक बेरीज तपासली, सगळ्या बरोबर निघाल्या, आणि म्हणाले, "तुम्हाला हिशोब येतो. बाजू बदलायला महिना लागेल." दोन लागले. पेढीवर सोमवार ते शनिवार जुनी बाजू, रविवारी नवी. दिवाणजींना हे सांगितलं तर त्यांना कोण आनंद! इंग्रजांनी उलटं केलंय, आपलं सुलटंच आहे, असं त्यांचं मत होतं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

पुस्तकं मात्र वेगळीच होती. शाळेतली पुस्तकं मास्तरांसाठी लिहिलेली असतात असं मला तेव्हा कळलं, कारण ही माझ्यासाठी लिहिलेली होती. घटकाच्या सुरुवातीला हे वाचून तुम्हाला काय जमेल ते सांगितलेलं, मध्येच थांबवून प्रश्न विचारलेले, उत्तरं मागे दिलेली. रात्री एकला ट्रॅक्टर यायच्या मधल्या वेळेत, समोर कोणी शिकवणारं नसताना वाचता येईल असं पुस्तक. कोणीतरी बसून हा विचार केला असला पाहिजे, की वाचणारा माणूस दमलेला असेल आणि एकटा असेल. राम ताकवले हे त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९८९ साली ते सुरू झालं तेव्हाचे. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. इंग्लंडात मुक्त विद्यापीठ १९६९ला सुरू झालं होतं, तिथे रेडिओ-टीव्हीवरून धडे द्यायचे. आपल्याकडे आंध्रात १९८२ला. चव्हाणांच्या नावाच्या विद्यापीठाने ज्ञानगंगा घरोघरी असं ब्रीद घेतलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली असणार. पदवी घरोघरी वाटतात म्हणून माझ्या तोंडावर बोललेले लोक मला माहीत आहेत. २०२३ साली ताकवले सर गेल्याची बातमी वाचली. ज्याला मी कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी मला त्या दिवशी सुतक पाळावंसं वाटलं.

वर्गात पंधरा-वीस जण असायचे. पोलीस, पंचायत समितीतला शिपाई, अंगणवाडीच्या दोन बाया, आणि वैजापूरकडचा एक पावरा तरुण, वनखात्यात रोजंदारीवर. सकाळची बस पकडली तरी त्याचा पहिला तास हुकायचा, म्हणून तो शनिवारी रात्री येऊन आमच्या ओसरीवर झोपायचा. त्याची मराठी शाळेतली, माझी इंग्रजी शाळेतली आणि तीही विसरलेली. त्याला शब्द अडायचा, मला स्पेलिंग. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवून रात्री अकरापर्यंत आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो. त्याने माझं काय घेतलं आणि मी त्याचं काय घेतलं याचा हिशोब लागणार नाही. तो आता वनरक्षक आहे.

एका रविवारी प्रक्रिया परिव्ययाचा विषय निघाला. कच्चा माल एका टोकाने आत जातो, दुसऱ्या टोकाने दोन-तीन प्रकारचा माल बाहेर पडतो, खर्च कोणावर किती टाकायचा? सरांनी फळ्यावर सामान्य घट, असामान्य घट, उपउत्पादन असे शब्द लिहिले. मी मागच्या बाकावर बसून मान हलवत होतो, कारण हे सगळं माझ्या कपड्यांना चिकटलेलं असायचं. शंभर किलो कपाशी जिनात घातली की चौतीस-पस्तीस किलो रुई, त्रेसष्ट-चौसष्ट किलो सरकी, आणि उरलेलं म्हणजे ओल, माती, कवडी, हवेत उडालेलं. सरांनी ते पाहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. मी काट्यापासून गाठीपर्यंत सगळं मांडलं. एकशे सत्तर किलोच्या गाठीला किती कपाशी लागते, दोन-तीन टक्के घट का धरतात, पाच टक्के आली तर मेहता, म्हणजे पेढीवरचा हिशोबनीस, कोणाकडे संशयाने बघतो. मग सर म्हणाले, आता सरकीचं सांगा, ती उपउत्पादन ना? मी नाही म्हटलं. सरकीचा भाव चढला की जिनिंगवाला रुईत मार खाऊन सरकीवर तरतो. तिला उपउत्पादन म्हणून बाजूला काढली तर कापसाचा भाव ठरवताच येणार नाही. आणि वजनावर खर्च वाटला तर दोन तृतीयांश खर्च सरकीच्या डोक्यावर बसेल, तेही खोटं. खर्च विक्रीच्या किमतीच्या प्रमाणातच वाटायला हवा. सर जरा वेळ फळ्याकडे बघत राहिले. "संयुक्त उत्पादन," म्हणाले, "हे पुढच्या घटकात आहे. तुम्ही आधीच पोचलात." पुढच्या रविवारी त्यांनी मला घटक वाचून यायला सांगितलं आणि तास माझ्याकडून घेतला. सरांना मानधन तासावर मिळत असे. तेवढ्या वेळात त्यांना शिकवून मोकळं होता आलं असतं. मला बोलू देण्यात त्यांचा दुप्पट वेळ गेला, कारण माझं चुकलेलं त्यांना नंतर निस्तरावं लागे.

त्या तासानंतर टॅलीवरच्या पोराबद्दलची माझी अढी गेली. तो काय शिकून आला होता ते मला कळलं, आणि त्याला काय शिकवलेलं नव्हतं तेही.

परीक्षा मेमध्ये, आणि आमच्याकडे मे म्हणजे आखाजीचे, अक्षय्य तृतीयेचे दिवस. कधी एप्रिलअखेर, कधी मेमध्ये येते. खान्देशात ती दिवाळीच्या तोडीची. घागर भरायची, माहेरवाशिणी आणायच्या, झाडाला झोके बांधायचे, आणि बाप्यांनी दिवसच्या दिवस पत्ते कुटायचे. गल्लीत प्रत्येक ओट्यावर डाव मांडलेला आणि मी आत पाय पाण्याच्या बादलीत सोडून कंपनी कायदा वाचतोय. पंखा गरम हवाच फिरवायचा. मेहुण्यांनी खिडकीतून डोकं घालून विचारलं, "काय मेहता, कलेक्टर व्हनार का?" हसलो. त्या वर्षी बहिणीला आणायला मी गेलो नव्हतो. आखाजीला भाऊ न्यायला आला नाही म्हणजे सासरी काय होतं ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. ती एकटी पोरं घेऊन एस.टी.ने आली. दारातच म्हणाली, "दादा, काय काय ऐकून आले ते तुझा पेपर झाला की सांगते." आठ दिवस राहिली. माझी पोरं, तिची पोरं सगळी सकाळीच झोक्यावर घेऊन जायची ती जेवायलाच परत आणायची. पेपर होऊन आता कितीतरी वर्षं झाली. तिने अजून काही सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

२००९ साली बी.कॉम. झालो. आयुष्य वगैरे पालटलं नाही. पगार वाढला, पण त्या पोराएवढा नाही. व्हॅटची विवरणपत्रं माझ्याकडे आली, २०१७च्या जुलैपासून जीएसटीची. सी.ए.च्या ऑफिसातून फोन आला की शेठ आता सरळ माझ्याकडे देतात. पदवी मिळाली त्या आठवड्यात मी दिवाणजींकडे धोतरजोडी घेऊन गेलो. त्यांनी ती ठेवून घेतली, वहिनींनी चहा दिला. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीसाठी त्यांच्याकडून फ्रॉक आला, किंमत साधारण धोतरजोडीएवढीच. पुढे दिवाळीला मी काही नेलं की तेवढ्याच मोलाचं काहीतरी परत यायचं. हिशोब पक्के असलेला माणूस. माझ्याकडून तो त्यांना बंद करून घ्यायचाच नव्हता. ते गेले तेव्हा हंगाम चालू होता. काट्याच्या खोलीला शेठनी त्यानंतर चौथी भिंत आणि खिडकी बसवली.

बायकोचं सगळ्यात शेवटी लिहितोय, ते मुद्दाम. लोक पत्नीचे आभार मानतात ते सांभाळून घेतल्याबद्दल. माझ्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. माझी बायको लग्नाआधीच बारावी झालेली आहे, आर्ट्स, फर्स्ट क्लास. मुक्त विद्यापीठात तिला पूर्वतयारीचीही गरज नव्हती, थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असता. त्या लिपिकांनी दिलेला कागद आम्ही दोघांनी वाचला होता, तेव्हा ते तिलाही दिसलं होतं आणि मलाही. पण रविवार एकच होता. दोघं गेलो तर आप्पांना उठवायचं-बसवायचं कोणी? फीही दोघांची झेपली नसती. "आधी तुम्ही," ती म्हणाली. मी मान डोलावली. मग आप्पा गेले, मग माय आजारी पडली, मग मुलीची दहावी आली, धाकट्याची बारावी आली. 'आधी' या शब्दाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत तिने तो एकदाही काढून दाखवला नाही, भांडणातसुद्धा. भांडण तिला चांगलं जमतं.

यंदा मुलगी नोकरीला लागली, पुण्याला. तिनेच जूनमध्ये फोनवर आईच्या मागे लकडा लावला. आता फॉर्म ऑनलाइन असतात, पाठकोऱ्या कागदावर लिहून द्यायला समोर कोणी नसतं, म्हणून ते काम मी केलं. परीक्षा कधी, रविवारी तास किती, कुठला कागद कुठे चालतो, सगळं लिहून तिच्यापुढे ठेवलं. रविवारी सकाळचं घर माझ्याकडे, हेही लिहिलं. तिने ते वाचलं, आणि वरणात मीठ किती घालायचं ते आधी शिकून घ्या म्हणाली.

मग कागदपत्रं काढली. बारावीची गुणपत्रिका १९९२ची, माहेरच्या नावाची. मी म्हटलं, लग्नानंतरचं नाव लावायचं तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा लागेल, त्यात वेळ जाईल, उद्याच त्याच्या मागे लागतो.

"कशाला?" ती म्हणाली. "पदवी माहेरच्या नावानेच घेईन. फर्स्ट क्लास त्या नावाला मिळालाय."

बरं, म्हटलं. आणि विषय? कॉमर्सची पुस्तकं घरात आहेत, मी शिकवू शकेन, जीएसटीचं काम घरबसल्याही मिळतं...

"घरात एक मेहता पुरे," ती म्हणाली. "मी मराठी घेणार आहे."